कानसेनांची टाळी

कानसेनांच्या बैठकीच्या खोलीत ऐकायची खुर्ची एकच होती. बसायच्या खुर्च्या होत्या तीन-चार, पण त्या कडेला, भिंतीशी. ऐकायची खुर्ची मधोमध, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, हलू नये म्हणून फरशीला पट्ट्या मारून बसवलेली. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. बाकीच्यांनी कडेला बसायचं, खुर्चीतल्या माणसाचं तोंड बघायचं आणि त्याची मान डोलली की आपली डोलवायची.

कानसेन हे नाव मित्रांनी ठेवलेलं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. स्वतः गात नव्हते, वाजवत नव्हते. नोकरीत असताना पाण्याच्या पाइपांचे नकाशे तपासायचे. पण कान म्हणजे कान. शेजारच्या इमारतीत कुणी पेटी काढली तर हे इकडे जेवता जेवता सांगत, "तिसरी पट्टी उतरली आहे." आणि ती उतरलेली असायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला वाटेल माणूस ढोंगी होता. ढोंगी नव्हता. कान खरा होता. माणसाचा कान खरा असला म्हणजे माणूस खरा असतो, असं कुठे लिहिलेलं नाही.

स्पीकर पुरुषभर उंचीचे, कपाटासारखे. ऐकायला येणारी मंडळी त्यांना 'जावई' म्हणायची. कितीही वाढा, पोट भरायचं नाही. साधा स्पीकर ॲम्प्लिफायरकडे थोडीशी वीज मागतो आणि गप्प बसतो. हे दोघे खालच्या सुरांवर आले की एकदम हपापल्यासारखे ओढायला लागायचे. एका ॲम्प्लिफायरमधून धूर आला. दुसरा मोठा आवाज आला की स्वतःच बंद पडायचा, घाबरलेल्या माणसाने डोळे मिटावेत तसा. हल्ली जो लावलेला होता तो जुना, काचेच्या नळ्यांचा, दिव्यासारखा उजेड पाडणारा. गोड बोलून वेळ मारून न्यायचा. सगळं मऊ, सगळं मधात बुडवलेलं. कानसेन म्हणायचे, "गोड आहे, पण पडदा आहे. पारदर्शक नाही. मला काच पाहिजे, काच. आत जे आहे ते दिसलं पाहिजे."

"घरी खरा जावई काही आला नाही," असंही ते लेकीसमोर म्हणायचे, "हे दोन आले, तेही उपाशी."

लेक एकच. चाळिशीला टेकलेली, लग्न न केलेली, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारी. कॉलेज अर्धवट टाकून हा धंदा धरला म्हणून बापाने तिला वायरमन हे नाव दिलं आणि मंडळीनेही तेच उचललं. लहानपणी या खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिने बापाचं तोंड बघितलं होतं. बाप डोळे मिटून ऐकतोय आणि मग दोन शब्द बोलतोय: "पास," किंवा "घेऊन जा." जगात दुसरी शाबासकी असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिने त्या दोन जावयांसाठी, फक्त त्यांच्यासाठी, एक ॲम्प्लिफायर बनवायला घेतला. ट्रान्सफॉर्मर मोठ्या पातेल्याएवढा. वीज साठवणारे कपॅसिटर रांगेत, दुधाच्या बाटल्यांसारखे. पुढे नॉब एकही नाही. मागून आत येणारी वायर, मागून बाहेर जाणारी वायर, मधे काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही. तिला बापाच्या तोंडून एक शब्द हवा होता. एकच. बाकी हवं-नको सगळं तिने कधीच झटकलं होतं.

आता टाळीबद्दल सांगायला हवं.

या मंडळीची परीक्षा ठरलेली होती. आधी बाजारात मिळणाऱ्या चार तबकड्या, त्या सगळेच वाजवतात. शेवटी कानसेनांची स्वतःची टेप. तरुणपणी त्यांनी घरातच, चांगला माइक आणून, बायकोचं गाणं टेप केलं होतं. तेव्हा ती गायची. गाणं साधंच, दोन कडव्यांचं. दुसऱ्या कडव्यात आवाज वर चढतो, वरच्या सुरावर टेकतो आणि तिथेच कुणीतरी खाडकन एक टाळी देतं. "मीच दिली," कानसेन सांगायचे. "राहवलं नाही." त्या टाळीवर आजवर कितीतरी ॲम्प्लिफायर पडले होते. टाळी ही फार अवघड चीज. अचानक येते, टोकदार येते, तयारीला वेळ देत नाही. एकात ती ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजायची, दुसऱ्यात दार आपटल्यासारखी. शिवाय त्या दणक्यानंतर ॲम्प्लिफायर धापा टाकायचे, त्यांची साठवलेली वीज संपायची आणि पुढे नुसती खरखर.

लेकीकडेही या टेपची नक्कल होती. बापानेच दिलेली, टाळीपाशी कापलेली. "पुढे काही नाही, फुसफुस आहे." मूळ टेपला हात लावायची परवानगी तिला नव्हती. दुकानामागच्या त्या कारखान्यात ती तेवढी नक्कल लावायची. टाळी. मागे. टाळी. मागे. एखादा भाग बदलायची, परत टाळी. अजून टोक यायला हवं. अजून.

आणि ज्या बाईचं ते गाणं, ती या सगळ्या काळात स्वयंपाकघरात. लेक तान्ही असताना तिला ताप आला, डावा कान गेला आणि गाणं सुटलं, असं घरात सांगायचे. मंडळी चहा पिता पिता म्हणायची, "कानसेनांच्या घरात चार कान असायला हवेत, आहेत तीन." ती हसायची. तिला ऐकू आलं असो वा नसो.

*

रविवारी दुपारी लेकीने ॲम्प्लिफायर आणला. टेम्पोवाल्याने एक बाजू धरली, तिने दुसरी. जिन्यात दोनदा टेकवावा लागला.

"भिंत सांभाळ," कानसेन वरून म्हणाले. "रंग नवा आहे."

मंडळी म्हणजे दोघे. एक दातांचा डॉक्टर, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघणारा. दुसरा वकील, ढेरपोट्या, कुठलंही वाक्य 'म्हणजे असं आहे' ने सुरू करणारा. दोघांच्या घरी कानसेनांनी पास केलेली यंत्रं होती. कानसेनांनी नापास केलेली यंत्रं त्यांनी आवडत असतानाही विकून टाकली होती.

"काय वायरमन," डॉक्टर म्हणाला, "या वेळी घर जाळणार का?"

"आग विझवायची बादली आणली आहे," लेक म्हणाली. "आधी तुमच्यावर ओतते."

तिने जुन्या ॲम्प्लिफायरच्या वायरी काढल्या, आपल्याला लावल्या, बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणजे गुणगुण नाही, टकटक नाही, काही नाही.

"चालू आहे का?" वकिलाने विचारलं.

"चालूच आहे."

कानसेन खुर्चीत थोडे पुढे सरकले. ती शांतता त्यांना आवडली होती, हे लेकीला पाठीमागूनही कळलं.

तबकड्या झाल्या. पहिलीलाच डॉक्टर खुर्चीवरून उठला आणि परत बसला. दोन्ही जावई इतकी वर्षं उपाशी होते, त्यांच्या पुढ्यात पहिल्यांदा पोटभर वाढलं गेलं. खालचे सूर जमिनीतून नाही आले. ते जिथून यायला हवेत तिथून आले. ढोलावर हात पडला तर कातड्याचा ताण कळला. स्पीकर दिसत होते, पण आवाज त्यांच्यातून येत नव्हता, मधल्या हवेत उभा होता. कानसेनांनी मान डोलवली नाही म्हणून कुणी डोलवली नाही. पण त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर सैल पडली होती. लेक भिंतीला टेकून उभी होती, तिने ती बोटं बघितली.

"टेप," कानसेन म्हणाले.

स्वतः उठले, स्वतः टेप चढवली, स्वतः परत जाऊन बसले.

गाणं सुरू झालं. आधी श्वास. मग ती बाई खोलीत आली. दुसरं कसं सांगू? तरुण, थोडी घाबरलेली, माइकपासून हातभर. ओठ उघडताना होतो तो चिकट आवाजही होता. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. आवाज चढत गेला, वरच्या सुराला हात लावला.

टाळी वाजली.

ती टाळी नव्हती. दोन तळवे एकमेकांवर पडले की मधे हवा सापडते, आवाज पोकळ येतो. हा पोकळ नव्हता. एका बाजूला तळवा होता. दुसऱ्या बाजूला गाल होता, कान होता आणि त्याच्या मागे हाड.

इथे जुने सगळे ॲम्प्लिफायर धापा टाकायचे. हा टाकत नव्हता. त्याच्याकडे अजून भरपूर शिल्लक होतं. स्टूल घसरलं. कुणीतरी हवा आत ओढली आणि ती बाहेर सोडलीच नाही. एक तान्हं पोर रडायला लागलं, खाली, जमिनीच्या जवळ. आणि एक पुरुष, तरुण, जराही न चिडता, अगदी पाइपांचा नकाशा तपासावा अशा आवाजात म्हणाला:

"पोरीचं तोंड दाब. टेप चालू आहे."

रडणं दबलं. बंद नाही झालं, दबलं.

"आता वरचा परत घे."

खट. टेप संपली.

घरात पोर एकच होतं. ते आता भिंतीला टेकून उभं होतं.

मग डॉक्टर बोलला. लक्षात घ्या, पहिला माणूस काय बोलला.

"बापरे," तो म्हणाला, "काय खोली आहे!"

"म्हणजे असं आहे," वकील म्हणाला, "स्टूल डावीकडे, माइकच्या मागे. बरोबर? आणि पोर, पोर बाईच्या पायाशी."

"मांडीवरून घसरलंय. आधी वर आहे, मग खाली."

"हो हो! खाली गेलेलं कळतं!"

"कानसेन, तुम्ही उभे कुठे होता? दाराशी का?"

कानसेनांनी डोळे उघडले नव्हते. "खिडकीशी," ते म्हणाले. सवयीने बोलून गेले.

"खिडकीशी! मी म्हणणारच होतो. मागे काच आहे, आवाजाला कड येते. परत लावा ना."

परत लावली. परत लागली. या वेळी दोघांनी डोळे मिटले होते.

त्यांना कळलं नाही असं समजू नका. पहिल्याच फटक्याला कळलं. दातांच्या डॉक्टरला जबड्यावर पडलेला हात कळत नाही? पण कळल्यावर काहीतरी करावं लागतं. उठून जावं लागतं, निदान चहा नको म्हणावं लागतं. त्यापेक्षा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे बोलत बसणं सोपं. या लोकांनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांना कुणी रडलं तर ते पोर किती लांब आहे हे आधी मोजता यायचं.

लेक म्हणाली, "ती टाळी नाहीये."

वकील तिच्याकडे वळला. तोंडभर हसला. "पोरी, नवराबायकोचं आहे ते. आणि जुनं आहे. टाळी काय एका हाताने वाजते?"

"ही वाजली," लेक म्हणाली. "तुम्ही दोनदा ऐकलीत."

कानसेन उठले. "बाहेर ये," लेकीला म्हणाले.

*

मधल्या बोळात चपलांचा रॅक होता आणि दोघांना जेमतेम उभं राहण्यापुरती जागा. बापाने दार लोटून घेतलं.

"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला.

लेक बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिच्या कामाला पहिल्यांदा हा शब्द.

"चांगलं म्हणजे, असं मी ऐकलेलं नाही. वरून खालपर्यंत. जावई पहिल्यांदा गप्प बसले." त्याने घसा साफ केला. "पण थोडं जास्त उघडं आहे. वरच्या अंगाला थोडं मऊ कर. बारीकसारीक जरा मागे जाऊ दे."

"म्हणजे पडदा घालू?"

"पडदा नाही. मऊपणा."

"कुणावर घालू बाबा? तुमच्या आवाजावर, की माझ्या?"

"हळू बोल. लोक आहेत."

"आईला ताप आला नव्हता."

"ताप होता. आदल्या आठवड्यात होताच." हे त्याने इतकं पटकन सांगितलं की खरंच असावं. "हे बघ, एक कपॅसिटर घालायचा. तुला दोन मिनिटांचं काम. मी आत्ता आत जातो आणि पास म्हणतो. या दोघांसमोर. उद्या गावभर होईल. तुला हेच पाहिजे होतं ना, उंबऱ्यावर बसायचीस तेव्हापासून? मला दिसत नव्हतं असं वाटतं तुला?"

म्हणजे दिसत होतं. एवढी वर्षं दिसत होतं आणि दिलं नव्हतं.

लेकीच्या डोक्यात, त्या डोक्याला लाज नाही, कपॅसिटर केवढा लागेल ते आलं. कुठे जोडायचा तेही आलं. कारखान्यातल्या कुठल्या खणात आहे तेही. आईचा गाल, आपलं दाबलेलं तोंड, हे सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तो एक शब्द. ती तराजू धरून उभी राहिली. उगाच खोटं कशाला बोला, उभी राहिली.

"नाही," मग ती म्हणाली. "घालणं-काढणं काही नाही, असंच बनवलंय ते. तुम्हीच म्हणायचात, काच पाहिजे."

"बरं," बाप म्हणाला. आणि दार उघडलं.

आत जाऊन तो खुर्चीत बसला. डोळे मिटले. हात खुर्चीच्या हातावर ठेवले. दोघे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले.

"घालतोय," कानसेन म्हणाले.

"काय?" डॉक्टर.

"स्वतःचं काहीतरी घालतोय हा ॲम्प्लिफायर. टेपमध्ये नाही ते. मी टेप केली, माझ्याहून जास्त कुणाला माहीत? टाळीनंतर काहीही नव्हतं. हे माणसांचे आवाजबिवाज... ताकद फार झाली की यंत्र वेडंवाकडं बोलायला लागतं."

डॉक्टरने वकिलाकडे बघितलं, वकिलाने डॉक्टरकडे. फार वेळ नाही.

"मला पण," डॉक्टर म्हणाला, "मला पण पहिल्यापासून काहीतरी बनावट वाटत होतं. बोललो नाही."

"म्हणजे असं आहे," वकील म्हणाला, "खिडकीपाशी उभं राहून बोललं तर इतकं स्पष्ट येणारच नाही. शक्यच नाही. तिथेच मला शंका आली."

"तुम्हीच आत्ता म्हणालात, मागे काच आहे, आवाजाला कड येते!" लेक म्हणाली.

"ते मी म्हणालो," डॉक्टर म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. मशीन फसवतं गं. चांगल्या चांगल्यांना फसवतं. म्हणून तर कान लागतो."

"घेऊन जा," कानसेन म्हणाले.

आणि तिघे उठून गॅलरीत सिगरेट ओढायला गेले.

*

स्वयंपाकघरात आई कपबश्या विसळत होती. लेक तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. लहानपणापासूनची सवय, डावीकडून बोललेलं वाया जायचं.

"पास झालीस?" आईने विचारलं.

"नाही."

"अगंबाई. का?"

लेकीने नळ बंद केला. "आई, तुझा कान कशाने गेला?"

आईने हात पुसले. एखाद्या मोठ्या माणसाने पाढा चुकवल्यावर त्याच्याकडे बघावं, तसं तिच्याकडे बघितलं. "असं काय विचारतेस? ह्यांनी मारलं तेव्हा."

"तू मला ताप सांगितलास."

"सांगायचं असतं तसं. पण तुला ठाऊक असेल असं वाटायचं मला. माझ्या मांडीवर तर होतीस." तिने फडका खुंटीला लावला. "सगळ्यांनाच ठाऊक आहे असं वाटायचं. मी चहा घेऊन येते तेव्हा टाळी, टाळी, चाललेलंच असतं. म्हटलं असेल बाई, पुरुषांची काहीतरी आवड. त्यासाठीच येत असतील ऐकायला."

लेकीने ओट्याची कड धरली. कारखान्यात त्या टाळीला धार लावत घालवलेल्या सगळ्या दुपारी तिच्या हातातून वर चढत होत्या.

"चालू आहे का अजून तुझं मशीन?" आईने विचारलं.

"आहे. का?"

"मला ऐकव ना."

"नको आई."

"ऐकव गं. मी कधी ऐकलंच नाही. हे लावायचे, मी इकडे यायचे. नुसता मार आठवतो, गाणं कसं झालं होतं ते आठवत नाही." ती पुढे झाली, आणि आवाज उतरवून, कुणाची चोरी सांगावी तसं म्हणाली, "बरं झालं होतं, असं मला वाटतं. सूर लागला होता माझा. ह्यांनी उगाच मारलं. उगाच मारलं एवढं एकदा कळलं ना, की मग काही नाही."

लेकीला ती टेप पाठ होती. तिने नको म्हणायला हवं होतं. टेप तुटली म्हणायचं, मशीन तापलंय म्हणायचं, काहीही. पण तिला नुकतंच या घरात खोटी ठरवलं होतं आणि अंगात सच्चेपणाची रग होती. ती म्हणाली, "ये."

आईला तिने ऐकायच्या खुर्चीत बसवलं. आई खुर्चीच्या कडेला टेकली, सांडेल की काय अशी. मग मान फिरवून उजवा कान पुढे केला. लेकीने टेप मागे घेतली, लावली.

श्वास. पहिलं कडवं. आईच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी यायला लागलं. "आवाज होता हो मला," ती म्हणाली. दुसरं कडवं. आवाज चढला, वरच्या सुराला हात लावला.

आणि लागला नाही. केसभर खाली राहिला. फार नाही, केसभर. त्या जुन्या मधाळ ॲम्प्लिफायरमध्ये तो केस दिसायचा नाही. इथे दिसला. इथे सगळंच दिसत होतं.

लेकीने फटक्याच्या आधीच टेप थांबवली.

आई तशीच बसली होती, मान वाकडी करून. गळ्यातल्या गळ्यात तिने तो सूर म्हणून बघितला, बरोबरचा. मग टेपमधला. तिचाही कान, उरलेला, काही वाईट नव्हता.

"खालीच आहे की," ती म्हणाली.

"थोडासा."

"खाली तो खाली." तिने मांडीवरचा हात उलटा करून बघितला. "म्हणजे उगाच नव्हतं."

"आई!"

"नाही, म्हणजे मी इतकी वर्षं मनात म्हणत होते, उगाच, उगाच. ह्यांना नाव ठेवत होते."

गॅलरीचं दार उघडलं होतं. तिघे आत आले होते, सिगरेटच्या वासासकट. कानसेन आपल्या खुर्चीकडे बघत होते. बायकोने खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला, लेकीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं. आणि लेक बोलली. ज्या यंत्रात तिने काही घातलं नव्हतं, काही काढलं नव्हतं, त्याच्यावर हात ठेवून बोलली.

"आई, तुझा सूर बरोबर होता. ॲम्प्लिफायरमध्ये दोष आहे. तो सूर खाली ओढतो. बाबा म्हणतात ते खरं आहे. मशीन बिघडलेलं आहे."

"बघा!" डॉक्टर म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने."

"कबुली आहे ही," वकील म्हणाला.

आईने वर बघितलं. "खरंच?"

"खरंच. मी बनवलंय, मला माहीत. नापास आहे ते."

आईचा चेहरा क्षणभर सुटला. तेवढ्यासाठी लेकीने आपलं सगळं दिलं होतं, आणि तेवढं तिला दिसलं. वाटलं, जमलं.

"काहीतरी बोलू नकोस," कानसेन म्हणाले. रागाने नाही. पट्टी उतरली आहे असं सांगावं, तसं. "ॲम्प्लिफायर सूर खाली ओढत नाही. आवाज लहान करेल, मोठा करेल, फाडेल. सूर त्याच्या हातात नसतो. सूर बदलतो तो टेपचा वेग बदलला तर, आणि माझी टेप चोख चालते. काय डॉक्टर?"

"हो, ते आहे," डॉक्टर म्हणाला. "सूर नाही बदलत."

"शास्त्रच आहे ते," वकील म्हणाला.

"सूर हिचाच खाली होता. तेव्हाही सांगितलं होतं मी."

म्हणजे निकाल असा लागला: खोलीत बोललेला पुरुष ॲम्प्लिफायरने घातला, आणि पडलेला सूर बाईचा स्वतःचा. दोन्ही एकाच यंत्राने ऐकवलं होतं. तिघांपैकी कुणाला त्यात काही अडकलं नाही. लेकीची कबुली मात्र धरली गेली. ती तिने दिलीच होती, साक्षीदारांसमोर.

"मी म्हटलंच होतं तुला, खालीच आहे," आई लेकीला म्हणाली, समजूत घालावी तशी. ती खुर्चीतून उठली आणि जिथे बसली होती ती जागा तिने हाताने झटकली. "चहा टाकू का परत?"

"अर्धा चालेल वहिनी," डॉक्टर म्हणाला.

कानसेन खुर्चीत बसले. "आणि ते जुनं लावून दे जाताना," ते लेकीला म्हणाले. "संध्याकाळ वाया नको जायला."

लेक गुडघ्यांवर बसली. आपल्या यंत्राच्या वायरी सोडवल्या, जुन्याच्या मागे नेल्या. लाल लालला, काळी काळीला. स्क्रू घट्ट फिरवले, ओढून बघितले. हात जरासुद्धा चुकला नाही.